पाय ऑलिव्हचा, पत्रकं वॉल्टरची

माझ्या थोरल्या बहिणीचा, ऑलिव्हचा, डावा पाय कॅनल वॉर्डातल्या एकूण एक घरात जाऊन आला होता. ऑलिव्ह स्वतः त्यातल्या पाच-सहा घरांतसुद्धा कधी गेली नसेल. पाय मात्र दाराच्या फटीतून आत पडायचा, आणि लोक त्याच्यावर बटाट्याची सालं काढायचे.

पाय अर्थातच छापलेला. तिचा नवरा वॉल्टर सग्डन ग्रेब्रिज नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीला उभा राहायचा, आणि त्याच्या पत्रकावर सगळ्यात वर तो फोटो असायचा. इस्पितळातली खाट, दोरीने टांगलेला प्लास्टरमधला पाय, आणि उशीवर डोळे मिटून पडलेली माझी बहीण. खाली मोठ्या अक्षरात, ‘ऑलिव्ह अजून वाट पाहतेय. तुम्ही?’ चार निवडणुका झाल्या, चार पत्रकं निघाली, फोटो तोच. तिला झोप लागलेली असताना काढलेला. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी वॉल्टरबद्दल बोलले तर कुणी म्हणायला नको की डोराने मेहुण्यावर उगाच डूख धरलाय. डूख आहेच. उगाच नाही.

मिल लेनच्या त्या बाजूला ऑलिव्ह आणि वॉल्टर राहायचे, या बाजूला मी. मधला रस्ता बारा पावलांचा. चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात ऑलिव्ह माझ्याकडे पाय घेऊन निघाली होती, खायचा पाय, ऱ्हुबार्बचे आंबट देठ भरून भाजलेला, वर कपडा झाकलेला. सहाव्या की सातव्या पावलावर कोळशाच्या लॉरीने तिला उडवलं. अकरा आठवडे इस्पितळ, मग पायाला लोखंडी पट्टा, मग जन्माचं लंगडणं. त्याआधी ती गिरणीत कापडातले दोष शोधून रफू करायची. डोळे असे की ताग्यातला एक सुटलेला धागा दहा फुटांवरून दिसायचा. त्या डोळ्यांना लॉरी दिसली नाही, असं आमचा नगरसेवक भर सभेत म्हणाला.

त्याचं नाव होरेस ग्रिमशॉ. हाय स्ट्रीटवर डुकराच्या मटणाचं दुकान, पोट दुकानाला शोभेलसं, आणि कोटावर पक्षाचं निळं कापडी फूल. मिल लेनवर झेब्रा क्रॉसिंग द्या म्हणून वॉल्टरने अर्ज केला, तेव्हा हा सभेत उठून म्हणाला, “देवानं माणसाला दोन डोळे दिलेत. ते नगरपालिकेच्या खर्चानं बसवलेले नाहीत.” सभागृह हसलं. आमच्या साप्ताहिकात ते छापून आलं. वॉल्टरने कात्रण पाकिटात ठेवलं आणि पुढच्या निवडणुकीला ग्रिमशॉच्या विरोधात अपक्ष उभा राहिला.

क्रॉसिंग न मिळायचं दुसरंही एक कारण होतं. दोन वॉर्डांची हद्द मिल लेनच्या बरोबर मधून जाते. ऑलिव्हचं घर कॅनल वॉर्डात, माझं चर्च वॉर्डात. ग्रिमशॉ म्हणायचा, अर्धं क्रॉसिंग पलीकडच्या नगरसेवकाकडून आणा. पलीकडचा म्हणायचा, आधी ग्रिमशॉचं अर्धं येऊ दे. अर्ध्या रस्त्यापर्यंत पट्टे ओढून लोकांनी पुढे उडायचं होतं काय, देव जाणे.

आता वॉल्टरची बाजू. पहिल्यांदा तो खरंच बायकोसाठी उभा राहिला, हे मी मान्य करते. चारशे बारा मतांनी पडला. मग दोनशे साठ, मग पंच्याण्णव, आणि सत्त्याऐंशी साली फक्त चौदा. जसजसा आकडा उतरत गेला तसतशी बायको मागे पडत गेली आणि ग्रिमशॉ पुढे आला. जेवताना ग्रिमशॉ, बागेत ग्रिमशॉ, नाताळच्या टेबलावर ग्रिमशॉ. ऑलिव्हला पाय दुखतोय का म्हणून त्याने शेवटचं कधी विचारलं, ते तिला आठवत नव्हतं. मला तर मुळीच आठवत नव्हतं.

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. मी नगरपालिकेच्या जलतरण तलावावर तिकिटं फाडायचे. दर मंगळवारी सकाळी, तलाव उघडायच्या तासभर आधी, मी मागचं दार उघडून ऑलिव्हला आत घ्यायचे. पट्टा काढून ती काठावर बसायची आणि पाण्यात उतरायची. पाण्यात ती लंगडत नाही. वीस-वीस फेऱ्या मारते, थकत नाही. उघडायच्या वेळेआधी बाहेर येऊन जाड मोजे चढवते. “लोकांनी कागदावर बघितलाय तेवढा पुरे,” म्हणायची.

एक्याण्णवच्या जानेवारीत ग्रिमशॉने तो तलाव ऑक्टोबरपासून बंद करण्याच्या बाजूने मत दिलं. छप्पर गळतं म्हणे. माझी नोकरी, ऑलिव्हचे मंगळवार, निम्म्या गावाच्या पोरांचं पोहणं, सगळं एका हाताच्या वर होण्याने गेलं. गाव पेटलं. मीसुद्धा पेटले. चौदा मतं तर आता वॉल्टर झोपेत भरून काढेल, असं लोक उघड बोलू लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाने निवडून यावंसं वाटलं.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो होतो. वॉल्टर पत्रकाचा मजकूर लिहीत होता.

ऑलिव्ह म्हणाली, “वॉल्टर, या वेळी पाय नको.”

“काय?”

“फोटो. तलावाचं लिही. लोकांना तलाव हवाय. माझा पाय नको घालू.”

“अगं, पायावरच तर उभं आहे सगळं!” तो मान वर न करता म्हणाला.

“तुझं असेल. माझं नाहीये.”

“शेवटची खेप, म्हातारे. ग्रिमशॉ पडला की पाय तुझा.”

हे वाक्य त्याने प्रत्येक निवडणुकीत म्हटलं होतं. ऑलिव्हने माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून चहा ढवळत बसले, कारण मला तलाव हवा होता. ते मला अजून डाचतं.

उमेदवारी अर्ज भरायचा तर आपल्याकडे तेव्हा वॉर्डातल्या दहा मतदारांच्या सह्या लागत. सूचक, अनुमोदक आणि आठ जण. एका मतदाराने एकाच अर्जावर सही करायची. दोन अर्जांवर केली, तर जो आधी पोचेल त्यावरची खरी, दुसरीवर काट. लहान पोरालाही माहीत असलेला नियम. शहाणा माणूस वेगवेगळ्या वीस सह्या घेऊन दोन अर्ज तयार ठेवतो. वॉल्टर नाही. एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस तो. “दहा म्हणजे दहा,” म्हणायचा, “उभ्यानं प्रवासी घेत नाही मी.” आणि अर्ज द्यायला जायचा तो शेवटच्या दिवशी, बारा वाजता खिडकी बंद व्हायची तर बाराला वीस कमी असताना. लवकर जाणं म्हणजे त्याच्या लेखी वेळापत्रक मोडणं होतं.

दहावी सही नेहमी ऑलिव्हची. शेवटच्या सकाळी, न्याहारीच्या टेबलावर, अंड्याची बशी सरकवून. शुभ असतं म्हणे. चारदा आपटून शुभ.

अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, मी माझ्या खिडकीतून बघितलं तर ग्रिमशॉ ऑलिव्हच्या दारात उभा. एका हातात अर्जाची पाटी, दुसऱ्या हातात सॉसेजचं पुडकं. वॉल्टर घरी नव्हता. ग्रिमशॉ मुद्दाम डिवचायला सग्डनच्या दारीही जायचा, ही त्याची जुनी खोड. दोन मिनिटांत दार बंद होईल म्हणून मी बघत राहिले. पाच मिनिटं लागली. ग्रिमशॉ वळला तेव्हा त्याचा चेहरा भूत बघितल्यासारखा दिसत होता. संध्याकाळी मी विचारलं, “काय म्हणत होता कसाई?”

“सह्या गोळा करतोय,” ऑलिव्ह म्हणाली. “सॉसेज घेऊन जा तुझ्या मांजरीला.”

गुरुवारी शेवटचा दिवस. अंड्याची बशी सरकली, ऑलिव्हने दहावी सही केली. मग मला दारात गाठून म्हणाली, “डोरा, तू जा त्याच्याबरोबर.”

“मी कशाला? नगरपालिकेचा रस्ता माहितेय त्याला.”

“जा गं. कुणीतरी घरचं असावं जवळ.”

मला वाटलं, या खेपेला तो जिंकणार म्हणून ती भावुक झालीय. मी टोपी घातली आणि गेले.

नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावर, लांब टेबलामागे मिस फॉसेट बसली होती. हिने तीस वर्षं निवडणुकीचे कागद सांभाळले आणि त्या वेळात एकदाही हसली नाही. कोपऱ्यात रेडिएटरला पाठ लावून ग्रिमशॉ उभा होता. उमेदवाराला तिथे थांबायचा हक्क आहे, पण आजवर तो कधी थांबला नव्हता. घड्याळात बाराला वीस कमी होते.

मिस फॉसेटने मतदारयादी उघडली आणि एकेका सहीवर पेन्सिलचं टोक टेकवत खाली आली. दहाव्या सहीवर पेन्सिल थांबली.

“मिस्टर सग्डन, ही सही चालणार नाही.”

“का? नंबर चुकलाय?”

“नंबर बरोबर आहे. या बाईंनी दुसऱ्या अर्जावर सही केलीय. तो मंगळवारी जमा झालाय.”

वॉल्टर हसला. “बाईंनी? अहो, ती माझी बायको आहे.”

“तेच लिहिलंय,” मिस फॉसेट म्हणाली आणि तिने तो दुसरा अर्ज पुढे सरकवला. वर नाव होरेस ग्रिमशॉ. खाली सह्यांमध्ये आठवी, ऑलिव्ह सग्डन. तिच्या ‘O’ला डोक्यावर एक छोटा वळसा असतो, गिरणीत ताग्यावर खूण करायची तसा. वळसा जागेवर होता.

मला राग आला, ऑलिव्हचा. तलाव बंद करणाऱ्या कसायाला सही? माझ्या पोटावर पाय देणाऱ्याला? घरी जाऊन तिला काय काय बोलायचं ते मी तिथेच मनात मांडायला लागले.

“फसवून घेतलीस तू!” वॉल्टर ग्रिमशॉवर ओरडला.

“मी?” ग्रिमशॉने हात पसरले. “मी नुसतं म्हटलं, मिसेस सग्डन, तुमचा पाठिंबा धरू का? गंमत केली. ती म्हणाली, पेन आहे का? देवाशप्पथ सांगतो सग्डन, मला वाटलं तीच गंमत करतेय.”

“अजून सतरा मिनिटं आहेत,” मिस फॉसेट म्हणाली. “अर्ज मी अजून जमा धरलेला नाही. ही सही काटून कॅनल वॉर्डाच्या दुसऱ्या मतदाराची घ्या.”

वॉल्टरने माझ्याकडे बघितलं. पण मी मिल लेनच्या या बाजूची, चर्च वॉर्डाची. माझी सही त्याच्या काय कामाची! तो जिन्यावर धावला. मी वरून ऐकत होते. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून विचारत होता, “कॅनल वॉर्ड? कॅनल वॉर्डातलं कुणी?” खिडक्या पुसणारा निघाला हिल वॉर्डाचा. नगरपालिकेच्या घरांचं भाडं भरायला आलेल्या दोघी माझ्याच वॉर्डाच्या. दारवान तर दुसऱ्याच गावात राहायचा. वॉल्टर परत वर आला तेव्हा धापा टाकत होता आणि बाराला सहा कमी होते.

“मी राहतो की कॅनल वॉर्डात,” ग्रिमशॉ म्हणाला.

वॉल्टर गर्रकन वळला.

“यंदा मी कुणाच्याच अर्जावर सही केलेली नाही. स्वतःच्या अर्जावर तर करायची नसतेच. काय हो मिस फॉसेट, चालते ना माझी?”

मिस फॉसेटने नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं, दोनदा वाचलं. “चालते,” ती म्हणाली. तिलाही ते आवडलेलं दिसलं नाही.

“बघ बुवा,” ग्रिमशॉ वॉल्टरला म्हणाला. “तू नसशील तर मी बिनविरोध आलो. सुंठीवाचून खोकला गेला. पण गिऱ्हाईकच नसेल तर सुरा कशाला परजायचा? आण तो कागद.”

त्याचा डाव मला उमगला. अर्जांवरच्या सह्या गुपित नसतात. उमेदवारांची यादी त्याच दुपारी सूचक, अनुमोदक आणि सगळ्या सह्यांसकट नगरपालिकेच्या दारावर लागते, आणि ग्रेब्रिजमध्ये ती यादी लोक चर्चमधल्या प्रवचनापेक्षा लक्ष देऊन वाचतात. बिनविरोध आला असता, तर तलाव बुडवून मागच्या दाराने आला, असं चार वर्षं ऐकावं लागलं असतं. त्यापेक्षा हे स्वस्त होतं.

“वॉल्टर, घेऊ नको,” मी म्हणाले. “गाव हसेल. चल घरी. चल, आधी ऑलिव्हला विचारू, तिनं का केलं.”

वॉल्टरने माझं ऐकलंच नाही. तो घड्याळाकडे बघत होता. बाराला तीन कमी असताना त्याने स्वतःच्या हाताने बायकोचं नाव खोडलं, आणि सोळा वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याच्या हातात पेन दिलं. ग्रिमशॉने सावकाश सही केली आणि शाई वाळावी म्हणून वर फुंकर मारली.

आम्ही बसने परत आलो. माझा राग अजून ऑलिव्हवरच होता. मी त्याच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरले, तोंड उघडायच्या तयारीने.

ऑलिव्ह स्वयंपाकघरात बसली होती. अंगात कोट, हात मांडीवर. टेबलावर काही नव्हतं, चहाचं भांडंसुद्धा नाही. ती जाब द्यायला बसली होती. मला बघताच कळलं, आणि मी दाराशीच थांबले.

“झालं,” वॉल्टर टोपी काढत म्हणाला. “अर्ज गेला.”

“गेला?” ती म्हणाली. “कसा गेला?”

“तुझी चालली नाही. दुसरी घेतली.”

“कुणाची?”

“ग्रिमशॉची.”

ऑलिव्ह त्याच्याकडे बघत राहिली. “आणि मला काही विचारायचं नाही तुला?”

“विचारायचं काय त्यात? दारावर आलेल्याला तुला नाही म्हणता येत नाही, माहितेय मला. भोळी आहेस. मी नाही रागावलो.” खरंच रागावला नव्हता तो. अर्ज गेला होता ना. “हे बघ, मी काय म्हणतो, या वेळी फोटो नवा काढू. दारात उभी राहा, झगा जरा वर, पट्टा दिसला पाहिजे. जुना लोकांना पाठ झालाय.”

असा माणूस. बायकोने भर निवडणुकीत शत्रूच्या कागदावर नाव घातलं, आणि याला ‘का’ हा एवढासा शब्द सुचला नाही. माझा सगळा राग गाडीने रूळ बदलावा तसा तिथल्या तिथे दुसरीकडे गेला. मला त्याच्या डोक्यात किटली घालावीशी वाटली. मी म्हणालेही, “वॉल्टर, तुझ्या डोक्यात मेंदू आहे की बसची घंटा?”

ऑलिव्ह उठली. ती वर गेली. वीसेक मिनिटांनी एक लहान पेटी घेऊन खाली आली, एकेक पायरी, पट्टा वाजवत. वॉल्टर विचारत होता, “कुठं? अगं, कुठं निघालीस?” दार उघडून ती फुटपाथवर आली आणि सरळ रस्त्यात उतरली.

माझी बारा पावलं, तिची एकोणीस. मी मागे होते. डावीकडून वाण्याची मोठी गाडी आली, करकचून थांबली, ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला. दारातून वॉल्टर ओरडला, “ऑलिव्ह! गाडी! अगं, मरशील!” ती थांबली नाही आणि घाईही केली नाही. हद्द ओलांडून ती चर्च वॉर्डात आली, माझ्या दाराशी पेटी टेकवली आणि म्हणाली, “किल्ली काढ.”

त्या रात्री तिने मला एवढंच सांगितलं. “मला वाटलं, बिनविरोध झालं तर पत्रक छापायचं कारण उरणार नाही. तलाव जाईल, ते मला कळत होतं. मंगळवारही जातील. तरी म्हटलं, जाऊ देत.” मग म्हणाली, “त्यानं कसायाचं नाव चालवून घेतलं गं, पण माझा पाय सोडला नाही.” मी तिला जवळ घेतलं. आमच्या घरात तशी पद्धत नाही, तरी घेतलं.

यादी लागली आणि गावाने पोट धरून हसून घेतलं. ग्रिमशॉच्या अर्जावर सग्डनची बायको, सग्डनच्या अर्जावर खुद्द ग्रिमशॉ. कसायाने यादीची नक्कल दुकानाच्या काचेत, सॉसेजच्या माळांमध्ये टांगली. “माझा विरोधकसुद्धा माझ्याच कृपेवर,” गिऱ्हाइकाला मटण बांधून देताना म्हणायचा. तलावासाठी पेटलेलं गाव तलाव विसरून सह्यांवर बोलायला लागलं. वॉल्टरने पत्रकं वाटलीच. नवा फोटो मिळाला नाही म्हणून जुनाच छापला. माझ्याही दारात एक पडलं. वॉर्ड दुसरा, तरी टाकलं. ऑलिव्हने ते उचललं आणि घडी करून लंगड्या टेबलाच्या पायाखाली घातलं.

मेच्या पहिल्या गुरुवारी मतदान. ऑलिव्हचं नाव यादीत अजून जुन्याच पत्त्यावर होतं, म्हणून तिला रस्ता ओलांडून कॅनल वॉर्डाच्या शाळेत जावं लागलं. मी सोबत गेले. दारात वॉल्टर, छातीवर पांढरं कापडी फूल, हातात वही. मत देऊन बाहेर येणाऱ्याला उमेदवाराची माणसं नंबर विचारतात, कोण यायचं राहिलंय ते कळावं म्हणून. वॉल्टरकडे माणसं उरली नव्हती, तो स्वतःच विचारत होता. ऑलिव्ह बाहेर आली. दोघं समोरासमोर. वॉल्टरच्या तोंडून सवयीने निघालं, “नंबर, प्लीज?”

“एकशे सत्तेचाळीस, मिस्टर सग्डन,” ती म्हणाली. “नीट लिहून घ्या.”

मतमोजणी शुक्रवारी सकाळी, नगरपालिकेच्या मोठ्या सभागृहात. मोजायला नेहमी आम्ही नगरपालिकेची नोकरमाणसं बसायचो. नातं म्हणून कॅनल वॉर्डाचं टेबल मला दिलं नाही, शेजारचं दिलं. जे बघितलं ते बाहेर सांगायचं नाही, असं आम्ही लिहून देतो. आता इतकी वर्षं झाली, न्यायचं तर न्या मला तुरुंगात.

एकशे सहा मतांनी ग्रिमशॉ पुढे होता. ते जाहीर करण्याआधी निवडणूक अधिकारी बाद मतपत्रिका उमेदवारांना दाखवतो, एकेक करून, म्हणजे पुढे वाद नको. दोघं टेबलाशी ओणवले. अधिकारी थंडपणे वाचत होता. दोघांपुढे फुली, बाद. कोरी, बाद. डुकराचं चित्र, बाद. ग्रिमशॉ त्यालाही हसला. सातवी मतपत्रिका अधिकाऱ्याने न वाचताच टेबलावर ठेवली.

मी माझे गठ्ठे सोडून मान वळवली. फुली नव्हती. दोन्ही नावांच्या खाली, मोकळ्या जागेत, सरळ ओळीत पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘हा पाय माझा आहे. मतं मागायला कुणी वापरू नये.’

सही नव्हती. नाव नव्हतं. पण ‘O’ जिथे आला होता तिथे त्याच्या डोक्यावर छोटा वळसा होता.

ग्रिमशॉचं हसू हळूहळू ओसरलं. त्याने नजर दुसरीकडे वळवली. त्या माणसाची एकमेव चांगली गोष्ट म्हणून मी ती आजही मोजते. वॉल्टर वाकून वाचत होता. वाचून झालं, पुन्हा वरून सुरू केलं.

“मिस्टर सग्डन, बाद धरायला हरकत?” अधिकाऱ्याने विचारलं.

वॉल्टर अजून दुसऱ्यांदा वाचत होता. अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. मग वॉल्टर म्हणाला, “हरकत नाही.” कोटावरचं पांढरं फूल त्याने काढलं, कुठे ठेवावं ते कळेना म्हणून हातातच धरलं, आणि निकाल ऐकायला न थांबता जिना उतरून गेला.

मी घरी आले तेव्हा ऑलिव्ह खिडकीत उभी होती.

“ग्रिमशॉ,” मी म्हणाले. “एकशे सहा.”

“ते कळलंच होतं. बाद किती?”

“सात.”

“वॉल्टरनं वाचली?”

“वाचली.”

“मोठ्यानं?”

“मनात. पण दोनदा.”

ऑलिव्हने मान हलवली. तिने पलीकडच्या तिच्या घराकडे बघितलं. तिथे पडदे ओढलेले होते. मग तिने आत जाऊन पिशवीत टॉवेल घातला.

“तलाव ऑक्टोबरपर्यंत आहे ना?” ती म्हणाली. “चल.”

“आत्ता? अगं, शुक्रवारची दुपार. शाळेची पोरं असतात, त्यांच्या आया असतात. काठावर पट्टा काढलास तर सगळे बघतील.”

“बघू देत की,” ऑलिव्ह म्हणाली, आणि माझ्या आधी दार उघडून बाहेर पडली.